रॉबर्ट स्मॉल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन यादवी युद्धाबद्दल वाचताना लिंकन, ग्रँट, ली ही नावं पुन्हा पुन्हा भेटतात. रॉबर्ट स्मॉल्स हे नाव भेटलंच तर एका रात्रीपुरतं भेटतं: गुलामीतल्या एका खलाशाने शत्रूची आगबोट पळवली. ती रात्र विलक्षण होतीच. पण त्यानंतर हा माणूस ५२ वर्षं जगला, आणि त्या वर्षांत त्याने शाळा, मतदानाचा हक्क आणि आपल्या माणसांचा जीव यांसाठी जी झुंज दिली, ती मला त्या रात्रीपेक्षा मोठी वाटते. म्हणून इथे दोन्हींबद्दलचे प्रश्न घेतले आहेत, आणि दुसऱ्या भागाला जाणूनबुजून जास्त जागा दिली आहे.

रॉबर्ट स्मॉल्स कोण होते?

साऊथ कॅरोलायना राज्यातल्या ब्यूफर्ट गावी ५ एप्रिल १८३९ रोजी गुलामीत जन्मलेला माणूस. १८६२ मध्ये, गुलामी टिकवण्यासाठी देशातून फुटलेल्या बंडखोर दक्षिणेची ‘प्लँटर’ ही आगबोट घेऊन ते उत्तरेच्या आरमाराला जाऊन मिळाले. युद्धात त्यांनी जहाजांचे पायलट, म्हणजे पाण्यातली वाट दाखवणारे, आणि पुढे कप्तान म्हणून काम केलं. युद्धानंतर राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य, मग वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात खासदार, आणि उतारवयात ब्यूफर्ट बंदराचे जकात अधिकारी. २३ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या पंचाहत्तरीत, जन्मगावीच त्यांचं निधन झालं.

त्यांचं बालपण कसं गेलं?

आई लिडिया ही मॅकी कुटुंबाच्या घरात राबणारी गुलाम स्त्री. वडील कोण, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. रॉबर्टचा जन्म मालकाच्या घरामागच्या खोलीत झाला. घरकामातल्या बाईचं पोर म्हणून त्याला शेतावरच्या मुलांपेक्षा बरं खायला मिळे, मालकाची मर्जीही होती. आईला नेमकी याचीच धास्ती. पोराला गुलामी म्हणजे काय ते कळणारच नाही आणि कळेल तेव्हा ते मोडून पडेल, असं तिला वाटे. म्हणून तिने त्याला शेतावर नेलं, गुलामांना बांधून फटके मारतात तो खांब दाखवला, माणसांचा लिलाव दाखवला. याचा परिणाम असा झाला की पोरगं बंडखोर बनलं, संचारबंदी मोडू लागलं, आणि आता याच्या जिवाला धोका आहे हे ओळखून आईनेच मालकाकडे शब्द टाकून बाराव्या वर्षी त्याला चार्ल्सटन शहरात कामाला पाठवलं.

लिडियाचं नाव इतिहासात ओळीपुरतंच येतं. मला मात्र रॉबर्टच्या पुढच्या प्रत्येक निर्णयात ही बाई दिसते.

गुलाम माणूस आगबोटीच्या सुकाणूपर्यंत कसा पोचला?

शहरात गुलाम भाड्याने देण्याची पद्धत होती. काम गुलामाने करायचं, मजुरी मालकाने घ्यायची. रॉबर्टने आधी हॉटेलात वाढप्याचं काम केलं, मग रस्त्यावरचे दिवे पेटवले, मग तो गोदीवर गेला. तिथे माल चढवणं-उतरवणं, शिडं शिवणं, दोरखंड बांधणं करत करत तो बोटीवर चढला. चार्ल्सटनच्या आसपासच्या खाड्या, वाळूचे दांडे, भरती-ओहोटीच्या वेळा त्याला तोंडपाठ झाल्या. पायलट म्हणावं असं सगळं ज्ञान त्याच्याकडे होतं, पण गुलामाला पायलट म्हणत नसत, त्यामुळे हुद्दा मिळाला नुसता सुकाणू धरणाऱ्याचा.

‘प्लँटर’वर त्यांना महिन्याला १६ डॉलर ठरले होते. त्यातले १५ मालकाचे.

त्यांचं लग्न झालं होतं का?

हो. २४ डिसेंबर १८५६ रोजी, सतराव्या वर्षी, हॉटेलात काम करणाऱ्या हॅना जोन्सशी. ती त्यांच्याहून वयाने मोठी होती आणि तीही गुलाम होती, दुसऱ्या मालकाची. कायद्याने आई ज्याची, मूल त्याचं. म्हणजे त्यांची मुलगी एलिझाबेथ जन्मली ती हॅनाच्या मालकाची मालमत्ता म्हणून. हॅना आणि मुलगी यांना विकत घेण्यासाठी रॉबर्टने त्या मालकाशी बोलणी केली, सौदा ८०० डॉलरवर ठरला. महिन्याकाठी हातात काय उरत होतं ते वर आलंच आहे. शिवाय पैसे जमण्याआधी मालकाचं मन फिरलं तर बायको-मुलगी कुठे विकली जातील याचा भरवसा नाही. बोट पळवण्यामागे शौर्याची हौस नव्हती, हा हिशोब होता.

१३ मे १८६२ च्या रात्री नेमकं काय घडलं?

चार्ल्सटन बंदर तेव्हा बंडखोर दक्षिणेच्या ताब्यात होतं. बंदराच्या तोंडाशी, काही मैल बाहेर, उत्तरेच्या आरमाराने नाकेबंदी केली होती. ‘प्लँटर’ ही मूळची कापूस वाहणारी आगबोट, लांबी १४७ फूट, लष्कराने भाड्याने घेतलेली. बारा मेच्या संध्याकाळी ती एका मोहिमेवरून परतली आणि बंदरातल्याच दुसऱ्या ठाण्यावर पोचवायच्या चार तोफा तिच्यावर चढवल्या गेल्या. तिच्या स्वतःच्या दोन होत्याच. दारूगोळाही होता.

बोटीवर तीन गोरे अधिकारी: कप्तान रेल्ये, पायलट आणि इंजिनिअर. बाकी सगळे खलाशी गुलाम. अधिकाऱ्यांनी रात्री बोट सोडायची नाही असा स्पष्ट हुकूम होता. तरी त्या रात्री तिघेही उतरून शहरात गेले. रॉबर्ट आणि त्यांचे साथीदार अशाच रात्रीची वाट पाहत होते. बेत आधीच शिजलेला होता.

पहाटे तीनच्या सुमाराला बॉयलर पेटवले. दक्षिणेचं निशाण आणि राज्याचं निशाण चढवलं, नांगर उचलला. बोट आधी उलट्या दिशेला, दुसऱ्या एका धक्क्याकडे गेली. तिथे एका बोटीत लपून बसलेल्या बायका आणि मुलं चढली. एकूण सोळा जण: आठ पुरुष, पाच स्त्रिया, तीन मुलं. मग बंदराबाहेरचा रस्ता. वाटेत तटबंद किल्ले आणि तोफखाने, आणि प्रत्येकापुढून जाताना शिट्टीचा ठरलेला इशारा द्यायचा. सर्वांत अवघड फोर्ट सम्टर, जिथून वर्षभरापूर्वी युद्धाला तोंड फुटलं होतं.

साधारण साडेचारला बोट सम्टरच्या तोफांखाली आली. साथीदारांपैकी काहींना किल्ल्यापासून लांबून जायचं होतं. रॉबर्टने ऐकलं नाही. लांबून जाणारी बोट संशय जागा करते, नेहमीच्या वाटेने, नेहमीच्या वेगाने जाणारी करत नाही. त्यांनी कप्तानाची गवती हॅट डोक्यावर चढवली होती, कप्तान उभा राहायचा तसेच हात छातीशी बांधून ते सुकाणूच्या खोलीत उभे राहिले, चेहरा सावलीत. शिट्टीची दोरी ओढली: दोन लांब, एक आखूड. किल्ल्यावरून जाऊ देण्याचा इशारा आला.

तोफांच्या टप्प्याबाहेर जाईपर्यंत बोट तशीच संथ गेली. मग वेग वाढला आणि ती नाकेबंदीच्या जहाजांकडे सुसाट निघाली, तेव्हा कुठे किल्ल्याला चूक उमगली.

आता धोका समोरून. पहाटेच्या धुक्यात शत्रूची आगबोट अंगावर येताना पाहून ‘ऑनवर्ड’ या जहाजाने तोफा रोखल्या. ‘प्लँटर’ने दोन्ही निशाणं उतरवून पांढरी चादर फडकवली. ती चादर हॅनाने बरोबर आणली होती. ‘ऑनवर्ड’वरच्यांना ती दिसली, आणि रॉबर्टने हॅट उंचावून, मी अमेरिकेच्या सरकारच्याच जुन्या तोफा परत आणल्या आहेत, अशा अर्थाचं काहीतरी ओरडून सांगितलं.

पकडले गेले असते तर?

मरण नक्की. म्हणून आधीच ठरलं होतं की अडवलं तर लढायचं, नाहीतर बोट बुडवायची, पण जिवंत हाती लागायचं नाही. बेत कळल्यावर हॅनाने अपयश आलं तर काय होईल हे विचारलं, उत्तर ऐकलं आणि जिथे तू मरशील तिथे मीही, असं सांगून ती तयार झाली, ही आठवण त्या कुटुंबाने जपली आहे.

आरमाराला या बोटीचा एवढा काय उपयोग झाला?

तोफा आणि बोट यांची किंमत होतीच, पण खरा ऐवज रॉबर्टच्या डोक्यात होता. पाण्यात सुरुंग कुठे पेरलेत ते त्यांना माहीत होतं, कारण पेरणाऱ्या बोटीवर तेच होते. बोटीवर इशाऱ्यांची वही सापडली. शहराच्या दक्षिणेच्या कोल्स बेटावरच्या तोफा दक्षिणेने काढून नेल्या आहेत ही बातमीही त्यांनीच दिली, आणि उत्तरेच्या फौजेने ती जागा फारशा प्रतिकाराविना ताब्यात घेतली. आरमारप्रमुख ड्यू पाँट यांनी वरिष्ठांना लिहिलेल्या अहवालात रॉबर्टच्या बुद्धिमत्तेची मुद्दाम नोंद केली.

बक्षीस किती मिळालं?

काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्याच महिन्यात खास कायदा करून बोटीच्या किमतीचा निम्मा हिस्सा या लोकांना द्यायचं ठरवलं. मात्र बोटीची किंमत लावली ९,००० डॉलर, जी फार कमी होती. रॉबर्टच्या वाट्याला १,५०० डॉलर आले. ही चूक सरकारने मान्य केली तीही ३८ वर्षांनी: १९०० साली रक्कम ५,००० धरली गेली, आधीचे १,५०० वजा करून.

स्मॉल्स खरोखर सैनिक होते का?

हा प्रश्न बारकाईने विचारणारे बरोबर विचारतात. कागदोपत्री उत्तर गुंतागुंतीचं आहे. त्यांनी युद्धभर लष्कर आणि आरमारासाठी काम केलं, पण बहुतेक काळ नेमणूक नागरी पायलट म्हणून. ७ एप्रिल १८६३ रोजी चार्ल्सटनवर चिलखती जहाजांचा हल्ला झाला, त्यात ‘किओकक’चे पायलट स्मॉल्स होते. त्या जहाजाला सुमारे ९० गोळे लागले, दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुडालं.

त्याच वर्षी १ डिसेंबरला ते ‘प्लँटर’वर पायलट होते. फॉली बेटाजवळच्या खाडीत दोन्ही बाजूंच्या गोळीबारात बोट सापडली आणि गोऱ्या कप्तानाने कच खाल्ली. शरण जाऊ म्हणाला आणि कोळशाच्या कोठीत जाऊन लपला. स्मॉल्सना माहीत होतं की गोरे कैदी होतील, कृष्णवर्णीय खलाशांना मात्र गोळ्या घातल्या जातील किंवा पुन्हा गुलामीत ढकललं जाईल. त्यांनी सुकाणू हाती घेऊन बोट सुखरूप बाहेर काढली. यानंतर त्यांना ‘प्लँटर’चं कप्तानपद मिळालं, महिना १५० डॉलर.

तरीही रीतसर कमिशन, म्हणजे लष्करी अधिकारी म्हणून नेमणूक, नाही, हे कारण दाखवून निवृत्तिवेतन कित्येक वर्षं अडवलं गेलं. शेवटी १८९७ मध्ये काँग्रेसला वेगळा कायदा करावा लागला, तेव्हा महिना ३० डॉलर सुरू झाले. युद्धानंतर राज्याच्या नागरी सैन्यात ते मेजर जनरलपर्यंत चढले, म्हणून ब्यूफर्टमध्ये लोक त्यांना जनरल म्हणत. गोळ्यांच्या वर्षावात कप्तान लपतो आणि पायलट बोट वाचवतो, तेव्हा त्यांच्यातला सैनिक कोण हे ठरवायला मला कमिशनचा कागद लागत नाही.

लिंकनशी त्यांची भेट झाली का? कृष्णवर्णीयांची सैन्यभरती त्यांच्यामुळे सुरू झाली का?

ऑगस्ट १८६२ मध्ये ते पाद्री मॅन्सफिल्ड फ्रेंच यांच्याबरोबर वॉशिंग्टनला गेले आणि युद्धमंत्री स्टँटन यांच्यापुढे भरतीची मागणी मांडली. लिंकन यांच्याशीही भेट झाल्याचं सांगितलं जातं. २५ ऑगस्टला स्टँटन यांनी जनरल सॅक्स्टन यांना ५,००० पर्यंत कृष्णवर्णीय स्वयंसेवक भरती करण्याची परवानगी दिली. सगळं श्रेय एकट्या स्मॉल्सना देणं बरोबर नाही, अनेक जण त्या मागणीमागे होते. पण गुलाम लढू शकतील का, या प्रश्नाचं जिवंत उत्तर मंत्र्यासमोर येऊन उभं राहणं याचं वजन वेगळंच.

ते लिहायला-वाचायला कधी शिकले?

पंचविशीत. १८६४ मध्ये ‘प्लँटर’ दुरुस्तीसाठी फिलाडेल्फियाला होती, तेव्हा त्यांनी शिक्षक लावून अक्षरं गिरवली. साऊथ कॅरोलायनात गुलामाला लिहायला शिकवणं हाच गुन्हा होता.

याच शहरात त्यांना ट्राममधून उतरवलं गेलं. डब्यात बसायचं नाही, बाहेरच्या फळीवर उभं राहायचं, असं कंडक्टर म्हणाला. स्मॉल्स उतरून पायी गेले. ज्याच्या नावाने काँग्रेसने कायदा केला त्या माणसाला ट्राममध्ये जागा नाही, याचा शहरात बराच गवगवा झाला, आणि १८६७ मध्ये पेनसिल्व्हेनियात हा भेद कायद्याने बंद झाला.

ज्या घरामागे जन्म झाला तेच घर त्यांनी विकत घेतलं, हे खरं आहे का?

खरं आहे. मॅकींनी ते युद्धाआधीच विकलं होतं. नव्या मालकाने केंद्राचा कर भरला नाही, म्हणून घर सरकारने लिलावात काढलं आणि स्मॉल्सनी घेतलं. लिलावात घर गमावलेल्या त्या मालकाने दावा लावला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७८ मध्ये निकाल स्मॉल्स यांच्या बाजूने लागला. या निकालाने करविक्रीतून घेतलेल्या इतर जमिनींनाही आधार मिळाला, म्हणून तो एका घरापुरता नाही.

त्या घराची आणखी एक गोष्ट सांगतात. म्हातारपणी भ्रम झालेली मॅकी बाई एकदा आपलंच घर समजून आत आली आणि स्मॉल्सनी तिला तिच्या जुन्या खोलीत राहू दिलं. ही कुटुंबात चालत आलेली कथा आहे. ती सांगताना लोक स्मॉल्स यांच्या क्षमाशीलतेवर भर देतात. मला वाटतं, घराचा मालक आता कोण आहे, हेही त्या कथेत तितकंच आहे.

राजकारणात त्यांनी नेमकं काय केलं?

१८६८ मध्ये चार्ल्सटनला राज्याची नवी घटना लिहायला परिषद भरली. बहुसंख्य प्रतिनिधी कृष्णवर्णीय, त्यांतले कित्येक तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम. स्मॉल्स ब्यूफर्टचे प्रतिनिधी. सर्वांसाठी खुल्या, विनामूल्य सार्वजनिक शाळांची व्यवस्था राज्याने उभारावी, हा ठराव त्यांनी मांडला. तोवर साऊथ कॅरोलायनात गरीब गोऱ्यांच्या मुलांसाठीही धड शाळा नव्हत्या. म्हणजे राज्याच्या घटनेत सर्वांसाठी शाळा आणण्यात, चार वर्षांपूर्वी अक्षरओळख झालेल्या माणसाचा हात होता. बोटीच्या रात्रीच्या बरोबरीने ही गोष्ट सांगितली गेली पाहिजे.

त्यानंतर राज्याचं कनिष्ठ सभागृह, मग १८७० पासून राज्याचंच वरिष्ठ सभागृह म्हणजे सिनेट, आणि १८७५ पासून वॉशिंग्टनचं प्रतिनिधिगृह. लोकांशी ते किनाऱ्यावरच्या बेटांच्या गला बोलीत बोलत, तीच त्यांची मातृभाषा. गोरी वृत्तपत्रं तिची टिंगल करत. मतदार मात्र बैलगाड्या जोडून त्यांच्या सभांना येत.

१८७६ च्या उन्हाळ्यातला एक प्रसंग पाहा. कॉम्बाही नदीकाठच्या भातशेतीतल्या मजुरांनी संप केला. त्यांना मजुरी रोख मिळत नव्हती, चिठ्ठ्या मिळत, आणि त्या फक्त मालकाच्याच दुकानात चालत, मालक लावील त्या भावाने. गव्हर्नरने स्मॉल्सना पाठवलं. शेकडो संपकरी एकीकडे, बंदुका घेतलेले गोरे दुसरीकडे. स्मॉल्सनी संपकऱ्यांशी बोलून जमाव शांत ठेवला. ज्यांच्यावर वॉरंट होती ते आपणहून ब्यूफर्टला गेले आणि तिथे सुटले. रक्त सांडलं नाही. ते वर्ष पाहता ही लहान गोष्ट नव्हती.

१८७६ मध्ये असं काय झालं होतं?

८ जुलैला हॅम्बर्ग गावात गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीयांच्या नागरी सैन्यावर हल्ला केला आणि पकडलेल्यांना एकेक करून ठार मारलं. स्मॉल्सनी प्रतिनिधिगृहात एका प्रत्यक्षदर्शीचं पत्र वाचून दाखवलं आणि राज्यातून केंद्राची फौज हलवू नये अशी मागणी केली. पत्र कुणाचं आहे, असं विरोधी सदस्याने विचारलं. आणखी एका माणसाला मारता यावं म्हणून नाव हवं असेल तर ते माझ्याकडून मिळणार नाही, असं त्यांनी भर सभागृहात उत्तर दिलं.

त्या वर्षीची निवडणूक लाल सदरे घालणाऱ्या गोऱ्यांच्या ‘रेड शर्ट’ या सशस्त्र टोळ्यांच्या दहशतीत झाली. १८७७ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष हेज यांनी राज्य सरकारला सावरून धरणारी फौज मागे घेतली आणि सत्ता जुन्या मळेवाल्यांच्या पक्षाकडे परत गेली.

त्यांच्यावर लाचखोरीचा आरोप सिद्ध झाला होता ना?

हो, ही बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सिनेटमध्ये छपाई समितीवर असताना एका कंत्राटात ५,००० डॉलर घेतल्याचा आरोप १८७७ मध्ये ठेवला गेला. शिक्षा तीन वर्षांची झाली. प्रत्यक्षात काही दिवसांतच ते जामिनावर सुटले आणि १८७९ मध्ये गव्हर्नर सिम्पसन यांनी माफी दिली. ती माफीही सौद्यातून आली: निवडणूक गैरप्रकारांत अडकलेल्या गोऱ्या पुढाऱ्यांवरचे केंद्राचे खटले त्याबदल्यात मागे घेतले गेले.

मुख्य साक्षीदार स्वतःच त्या छपाईच्या घोटाळ्यात गुंतलेला होता आणि खटला चालवणारे सत्तांतरानंतर विरोधकांना संपवायला निघाले होते. त्या काळात राज्यात भ्रष्टाचार होता हे खरंच. पण हा पुरावा एखाद्या गोऱ्या सिनेटरविरुद्ध पुरला असता, असं मला वाटत नाही.

बहुसंख्य मतदार कृष्णवर्णीय होते, तर मग ते निवडणुका हरले कसे?

बंदुकीने आणि कायद्याने. १८७८ च्या प्रचारात गिलिसनव्हिल इथे त्यांच्या सभेला शेकडो ‘रेड शर्ट’वाल्यांनी वेढा घातला. स्मॉल्स आणि सोबतीचे काही जण एका दुकानात शिरून बंदुका सरसावून बसले. आसपासच्या गावांतून कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष हाताला लागेल ते घेऊन धावून आले, तेव्हा वेढा उठला. ती निवडणूक गेलीच. १८८० मध्येही पराभूत ठरवलं, पण स्मॉल्सनी निकालाला आव्हान दिलं आणि १८८२ मध्ये प्रतिनिधिगृहाने त्यांना जागा बहाल केली.

मग आला १८८२ चा ‘आठ पेट्यां’चा कायदा. प्रत्येक पदासाठी वेगळी मतपेटी. चिठ्ठी चुकीच्या पेटीत पडली की मत बाद. निरक्षर मतदाराला पेटीवरचं नाव वाचता येईना आणि पेट्यांची जागा मध्येच बदलली जाई. त्याच सुमारास मतदारसंघही असे आखले की बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्या एकाच संघात कोंबल्या जाव्यात. १८८४ मध्ये स्मॉल्स पुन्हा खासदार झाले, १८८६ मध्ये हरले, आणि त्यानंतर परत निवडून आले नाहीत.

१८९५ च्या घटना परिषदेचं एवढं महत्त्व का?

कारण १८६८ मध्ये जे उभं केलं, तेच मोडायला ही परिषद बोलावली होती. सूत्रधार बेन टिलमन, कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घ्यायचा हेतू उघडपणे सांगणारा नेता. एकूण १६० प्रतिनिधी, त्यात कृष्णवर्णीय फक्त सहा. सहापैकी पाच ब्यूफर्टचे, त्या पाचांतले एक स्मॉल्स. २७ वर्षांपूर्वीच्या परिषदेतही ते होते, आणि आता छप्पन्न वर्षांचे स्मॉल्स तीच घटना वाचवायला उभे राहिले.

मताला अट अशी की घटनेचा उतारा वाचून दाखवा किंवा ३०० डॉलरची मालमत्ता दाखवा. सुरुवातीची काही वर्षं उतारा ‘समजला’ तरी चालेल, अशीही पळवाट होती, आणि समजला की नाही ते ठरवणार गोरा अधिकारी. स्मॉल्सनी सभागृहात या लबाडीचा पदर उलगडून दाखवला. त्यांचं या परिषदेतलं वाक्य पुढे त्यांच्या स्मारकावर कोरलं गेलं: “माझ्या समाजाची कुणी खास बाजू मांडायची गरज नाही; या देशातला त्याचा आजवरचा इतिहासच दाखवतो की तो कुठल्याही लोकांच्या तोडीचा आहे. त्याला हवी आहे ती आयुष्याच्या लढाईत बरोबरीची संधी.”

मिश्र विवाहाला बंदी घालणारं कलम आलं तेव्हा त्यांनी दुरुस्ती सुचवली की कृष्णवर्णीय स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या गोऱ्या पुरुषाला कुठलंही सरकारी पद मिळू नये. सभागृहात चुळबुळ झाली. वंशाच्या शुद्धतेवर भाषणं ठोकणाऱ्यांपैकी कितीजणांची घरं त्या दुरुस्तीत सापडली असती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. दुरुस्ती फेटाळली गेली. नवी घटना जनतेच्या मतदानाला न टाकताच लागू झाली. स्मॉल्सनी तिच्यावर सही केली नाही.

स्मॉल्स यांचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

थेट नाही, उगाच जोडूही नये. पण दोन धागे खरे आहेत. ज्या नाकेबंदीच्या जहाजांकडे स्मॉल्स बोट घेऊन गेले, त्याच नाकेबंदीमुळे अमेरिकन कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेना आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअर बाजार कोसळून मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या.

दुसरा धागा जोतीराव फुले यांचा. १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं, ते त्यांनी गुलामांना मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी आशाही त्यात आहे. त्या वर्षी स्मॉल्स साऊथ कॅरोलायनाच्या सिनेटमध्ये होते. जोतीराव पुण्यात मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळांसाठी झगडले, स्मॉल्स ब्यूफर्टमध्ये मुक्त झालेल्यांच्या शाळांसाठी. एकमेकांचं नाव दोघांनी ऐकल्याचा पुरावा नाही.

‘प्लँटर’चं पुढे काय झालं?

युद्धानंतर ती पुन्हा मालवाहू झाली आणि मार्च १८७६ मध्ये केप रोमेनजवळ, अडकलेल्या एका जहाजाच्या मदतीला गेली असताना फुटली. स्मॉल्सना बातमी कळली तेव्हा घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं, असं म्हणतात.

नंतरचं कौटुंबिक आयुष्य कसं होतं?

हॅना १८८३ मध्ये वारल्या. १८९० मध्ये त्यांनी शिक्षिका ॲनी विग यांच्याशी लग्न केलं. त्यांना एक मुलगा झाला. ॲनीही पाच वर्षांत गेल्या. १८८९ पासून मधला काही काळ वगळता १९१३ पर्यंत ते ब्यूफर्टचे जकात अधिकारी होते. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचं सरकार आल्यावर ते पद गेलं.

आज त्यांचं स्मारक कुठे आहे?

ब्यूफर्टच्या टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात त्यांची कबर आणि अर्धपुतळा आहे. प्रिन्स स्ट्रीटवरचं घर उभं आहे, पण ते खाजगी आहे, बाहेरूनच पाहायचं. गावात पुनर्रचना काळाला, म्हणजे युद्धानंतर दक्षिणेची घडी नव्याने बसवण्याच्या काळाला, वाहिलेलं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे, वेळ असेल तर आधी तिथे जा, म्हणजे घराचा अर्थ नीट लागतो. २०२३ मध्ये अमेरिकन आरमाराने ‘चान्सलर्सव्हिल’ या क्रूझरचं नाव बदलून ‘रॉबर्ट स्मॉल्स’ ठेवलं. आधीचं नाव दक्षिणेने जिंकलेल्या लढाईचं होतं. आणि २०२४ मध्ये साऊथ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने कोलंबिया इथल्या आपल्या आवारात त्यांचा पुतळा उभारायला मंजुरी दिली. त्या आवारात बेन टिलमनचा पुतळा १९४० पासून आहे.